परदेशात राहून नाशिकला मत दिलंय का? अनुभव लिहा

२० मे २०२४ ला नाशिकचं लोकसभेचं मतदान झालं, तेव्हा आमच्या इमारतीतून खाली उतरले ते बहुतेक आजी-आजोबाच. पोरं दुबई, टोरांटो, सिंगापूरला. पासपोर्ट भारताचा असेल तर २०११ पासून अनिवासी भारतीयांना फॉर्म ६अ भरून यादीत नाव घालता येतं. बटण दाबायला मात्र इथंच यावं लागतं. कुणी आलं होतं का?

दुबई, मूळचा सिन्नरचा
आलो होतो. खरं सांगायचं तर भाच्याचं लग्न होतं, त्यात मत उरकलं. केंद्रावर मतदार कार्ड मागितलं. आम्हाला कार्ड देतच नाहीत, मूळ पासपोर्ट दाखवायचा असतो. मॅडमनी यादी खालीवर केली, शेवटी आमचा वेगळा विभाग सापडला. तोवर मागून एक बाबा ओरडले, "ओ पाहुणं, रांग अडली ना!"

सिडको
लेक जर्मनीत शिकते. फॉर्म तिनं तिथूनच ऑनलाइन भरला, पासपोर्टची आणि व्हिसाची प्रत जोडली. पासपोर्टवरचा पत्ता आमच्या जुन्या पंचवटीतल्या भाड्याच्या खोलीचा, त्यामुळे बीएलओ (मतदारयादीचं काम बघणारे स्थानिक अधिकारी) तिकडेच चौकशीला गेले. घरमालकीणबाई भल्या, त्यांनी मला फोन लावून दिला. नाव लागलं. पण परीक्षा आणि तिकिटाचा खर्च बघता येणार कशी?

टोरांटो
मी कॅनडाचं नागरिकत्व घेतलं, विषय संपला. ओसीआय कार्डावर (परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्यांना मिळतं ते) मत देता येत नाही. धाकटा भाऊ अजून पीआरवरच (कायम राहण्याचा परवाना, पण पासपोर्ट भारताचाच) आहे, त्याला हक्क आहे. वापरत नाही तो भाग वेगळा.

देवळाली कॅम्प
आमचे हे सैन्यात. त्यांची मतपत्रिका ऑनलाइन येते. प्रिंट काढायची, खूण करायची, टपालानं धाडायची. माझा भाऊ व्यापारी जहाजावर, त्याला यातलं काही नाही. अनिवासींनी प्रतिनिधीमार्फत मत द्यावं असं विधेयक २०१८ मध्ये लोकसभेत मंजूर झालं होतं. राज्यसभेत मंजूर झालंच नाही, २०१९ ला लोकसभा विसर्जित झाली आणि बारगळलं. फौजींना जे जमतं ते बाकीच्यांना का नको?

धागाकर्ता
२०२४ चे आकडे बघा: देशभरात नोंदलेले परदेशस्थ मतदार १,१९,३७४, प्रत्यक्ष मत दिलेले २,९५८. त्यातले २,६७० एकट्या केरळचे! ती मंडळी आखातातून गटानं येतात. आपल्याकडे गट जमतो तो गणपतीला.

गंगापूर रोड, निवृत्त
स्पष्ट बोलतो, राग मानू नका. इथले खड्डे आम्ही चुकवायचे, पाण्याच्या टँकरची वाट आम्ही बघायची, आणि आमदार तिकडच्यांनी ठरवायचा? येऊन मत देतोय त्याला नमस्कार. घरबसल्या नको.

दुबई, मूळचा सिन्नरचा
काका, घरपट्टी मीच भरतो की, तीही घरबसल्या. ती बरी चालते.