दोन चंद्र असतील तर आकडे थोडे बेसूर ठेवा

खेळाडू पात्रं होऊन कथा खेळतात अशा रोलप्लेइंग खेळासाठी काल्पनिक जगाची दिनदर्शिका बनवताना ३६० दिवसांचं वर्ष, ३० दिवसांचे १२ महिने, आणि दर ३० व दर ४५ दिवसांनी पौर्णिमा होणारे दोन चंद्र, ही रचना लक्षात ठेवायला सोपी आहे. पण यात दोन्ही पौर्णिमा दर ९० दिवसांनी एकत्र येतात, तेही दरवर्षी त्याच तारखांना. खेळाडूंना हे वर्षभरात पाठ होईल. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या खेळाच्या ग्रेहॉक नावाच्या जगातही असंच आहे: वर्ष ३६४ दिवसांचं, चंद्र २८ आणि ९१ दिवसांचे. त्यामुळे एकाच्या बरोबर १३ फेऱ्या, दुसऱ्याच्या ४. तिथे ते शोभतं, कारण सगळी दिनदर्शिकाच घट्ट विणलेली आहे.

तुमच्या जगात मात्र दुसरा चंद्र ४५ऐवजी ४७ दिवसांचा करून बघा. मग दोन्ही पौर्णिमा १,४१० दिवसांनी, म्हणजे ३ वर्षं ११ महिन्यांनी जुळतात. दर वेळी महिना वेगळा! ते गणित मांडू शकणारा ज्योतिषी एकदम मोलाचा माणूस होतो, आणि त्याला पळवून नेणारेही आपोआप तयार होतात.

आणखी एक, त्याच खेळाच्या फर्गॉटन रेल्म्स या दुसऱ्या जगातले कुठल्याच महिन्यात न बसणारे पाच सणाचे दिवस मला फार आवडतात. असा एखादा दिवस घ्याच. त्या दिवशी केलेला करार कायद्याने धरला जातो का, एवढं ठरवलंत तरी दोन-तीन सत्रांची कथा मिळेल.

तासांचा हिशेब काटेकोर फक्त पात्रं तळघरात उतरलेली असताना ठेवा, मशाल विझण्यापुरता. प्रवासात दिवस मोजले तरी पुरे.