जुने दाखले, खरेदीखतं लॅमिनेशन करावीत का? माझं मत: अजिबात नको

मलप्रभाकाठ (खानापूर)
मे संपत आला की आमच्याकडे झेरॉक्सच्या दुकानापुढे पिशव्या घेऊन माणसं उभी असतात. "हे सगळं लॅमिनेशन करून द्या." पिशवीत आधार असतं, मतदान ओळखपत्र असतं, त्याबद्दल तक्रार नाही. पण यंदा आमच्या भाऊजींनी माळ्यावरची ट्रंकच खाली काढलीय. आत आजोबांचा 1948 सालचा मराठी शाळेचा दाखला, एक मोडी लिपीतलं खरेदीखत आणि वाटणीपत्र. सगळं प्लास्टिकात घालायचं म्हणतात. मी अडवून धरलंय.

आपल्या भागात या कागदांची किंमत वेगळी आहे. 1 नोव्हेंबर 1956 ला आपण बेळगावकडची माणसं मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेलो. त्याआधीची बरीच कागदपत्रं मराठीत, काही मोडीत. नंतरचं हळूहळू सगळं कन्नडमध्ये. महाराष्ट्रात 865 गावांच्या (महाराष्ट्र ज्यांवर हक्क सांगतो त्या सीमाभागातल्या) सवलतीसाठी अर्ज करा नाहीतर इथे वारसा लावा, जुना पुरावा म्हटलं की आधी घरातली ट्रंकच उघडावी लागते.

आणि लॅमिनेशन म्हणजे कव्हर नव्हे. त्या पाऊचला बाहेरून पॉलिएस्टर असतं आणि आतून उष्णतेनं वितळणारा डिंक. शंभर अंशांच्या वर तापलेल्या रोलरमधून कागद गेला की तो डिंक कागदाच्या तंतूंत शिरतो. नंतर प्लास्टिक काढायला गेलात तर अक्षरं प्लास्टिकासोबत येतात. ज्यांनी केलंय त्यांनी सांगावं, फायदा काय झाला?

नदीकाठचा (निपाणी भाग)
फायदा मी सांगतो. ऑगस्ट 2019. दूधगंगा, वेदगंगा, कृष्णा, सगळ्या एकदम फुगल्या. आमच्यात कमरेएवढं पाणी. पाणी काय विचारून येतंय होय ओ? लॅमिनेशन केलेले कागद चिखलातनं काढले, नळाखाली धुतले, पुसले, झालं. फायलीत जपून ठेवलेली जुनी कागदं मात्र एकमेकांना चिकटून त्यांची वीट झाली. जुन्या लोकांची काजळाची शाई डिंकातली, पाणी लागलं की पसरती. तुमचं मोडी खरेदीखत पाण्यात गेलं तर त्याच्यावर नुसता काळा डाग राहील, मग कुणाच्या तंतूंत काय शिरलं ते बघत बसा.

बॉण्डरायटर
नदीकाठच्या भाऊंचं दुःख खरं आहे, पण कचेरीत काय होतं ते मी रोज बघतो. गहाणखताला मूळ खरेदीखत आणलं की बँकेचा वकील पहिल्यांदा काय करतो? कागद उजेडात धरतो, वॉटरमार्क बघतो, उठावाच्या शिक्क्यावरून बोट फिरवतो, मागची बाजू वाचतो. लॅमिनेशनमध्ये उठाव दाबला जातो आणि बोटाला नुसतं प्लास्टिक लागतं. वकील तोंडावर 'बनावट' म्हणत नाही, "सर्टिफाइड कॉपी घेऊन या" म्हणतो. मग सब-रजिस्ट्रारकडे अर्ज, शोध फी, दोन खेपा.

दुसरं, आखातात जाणारी आपली पोरं. डिग्रीवर अटेस्टेशनचा (कागद खरा असल्याच्या साक्षांकनाचा) शिक्का मूळ कागदाच्या पाठीमागे मारायचा असतो. प्लास्टिकवर शिक्का कुठं बसणार? मग हेअर ड्रायर लावून सोलायला बसतात आणि विद्यापीठाचा होलोग्रामच सोलून येतो. परवा एका पोरानं असंच आणलं होतं. वरचा अर्धा कागद शाबूत, खाली कुलसचिवांच्या सहीच्या जागी पांढरा फराटा.

नदीकाठचा (निपाणी भाग)
बँकेला पाहिजे म्हणून आम्ही कागद बुडवायचे काय? आणि एक विचारतो. लॅमिनेशन एवढं वाईट तर सरकारनं स्वतः कसं केलं? दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात जुने कागद लॅमिनेशन करूनच ठेवलेत असं मी वाचलंय. त्यांना चाललं, आम्हालाच नको?

जुनं दप्तर
बरोबर वाचलंत, केलंय. पण ते लॅमिनेशन आणि खडेबाजारातल्या दुकानातलं लॅमिनेशन यांचं नावच तेवढं सारखं.

अमेरिकेत 1930 च्या दशकात विल्यम बॅरो यांनी सेल्युलोज अ‍ॅसिटेटचा पापुद्रा गरम दाबयंत्रानं कागदावर बसवायची पद्धत आणली. आपल्याकडे दिल्लीच्या अभिलेखागारात महागड्या यंत्राला पर्याय काढला: कागदाच्या दोन्ही अंगांना अ‍ॅसिटेटचा पापुद्रा, वर पातळ टिश्यू, आणि अ‍ॅसिटोनमध्ये भिजवलेला कापसाचा बोळा हातानं फिरवायचा. पापुद्रा विरघळतो आणि टिश्यू कागदाला बसतो. उष्णता नाही, दाब नाही. मुख्य म्हणजे पुढेमागे काढायचं ठरलं तर अ‍ॅसिटोननंच तो पुन्हा सुटवता येतो. शिवाय आधी कागदातलं आम्ल काढून घ्यायचे. तुमच्या दुकानदारानं कधी आम्ल काढलंय का?

हे आम्लाचं लोक विसरतात. इंग्रजी अमदानीतली निळी-काळी शाई हिराकसाची, म्हणजे लोखंडाच्या क्षाराची. ती मुळातच आम्लधर्मी, अक्षराच्या जागीच कागद खाते. विसाव्या शतकातला गिरणीचा स्वस्त कागदही आतून आम्ल सोडतो, म्हणून तो पिवळा पडून तुटायला लागतो. प्लास्टिकात बंद केलं म्हणून ते थांबत नाही. बाहेरून कागद चकचकीत दिसतो, एवढाच काय तो फरक.

आणि ती अ‍ॅसिटेटची पद्धतही आता मागे पडलीय. अ‍ॅसिटेट स्वतःच जुनं होऊन व्हिनेगरसारखा वास मारायला लागतं. आज कागद पॉलिएस्टरच्या दोन स्वच्छ पारदर्शक तावांमध्ये नुसता ठेवतात आणि फक्त कडा बंद करतात. कागदाला काहीच चिकटत नाही. कड कापली की कागद जसाच्या तसा हातात.

रिवाइंडिंगवाला (उद्यमबाग)
मी या विषयातला न्हवं, पण लॅमिनेशन हा आमच्या धंद्यातला रोजचा शब्द, म्हणून बोलूलोय. मोटरचा कोअर म्हणजे अर्ध्या मिलिमीटरच्या सिलिकॉन स्टीलच्या पट्ट्यांची चळत. प्रत्येक पट्टीवर इन्सुलेशनचा हात असतोय. कशाला? तर थर एकमेकांपासून वेगळे राहावेत म्हणून. अखंड लोखंड घातलं तर त्यात एडी करंट, म्हणजे लोखंडातच गोल फिरणारी वीज, फिरतोय आणि मोटर भट्टीसारखी तापती. आता काही लोक जळालेलं वाइंडिंग लवकर निघावं म्हणून कोअरवर गॅसचा जाळ मारतात. तार सुटती, पण पट्ट्यांमधलं इन्सुलेशनबी जळतंय. मोटर चालू होती, गिऱ्हाईक खूश. नंतर तीच मोटर जास्त करंट घेती, तापती, आणि परत आमच्याकडेच येती. कागदाचंबी तसंच दिसूलंय मला. आज बरं दिसतंय, उद्याचं कोण बघतंय.

नदीकाठचा (निपाणी भाग)
मोटरचं राहू दे. दप्तरवाले, तुमची ती कडा बंद केलेली पिशवी पुरात टिकती का?

जुनं दप्तर
चारी कडा पक्क्या बंद असतील तर काही वेळ टिकेल. दिवसभर पाण्याखाली राहील अशी हमी मी देणार नाही. पण हमी दुकानातल्या लॅमिनेशनचीही नाही. कार्ड खिशात बसावं म्हणून कडेचं रिकामं प्लास्टिक कागदापर्यंत कापतात, तिथंच सील गेलं. पाणी त्या कडेनं आत ओढलं जातं आणि मग वाळायला वाट नाही. खानापूरच्या पावसात दोन-तीन वर्षांनी बघा, कडेनं तपकिरी नकाशे उमटलेले असतात आणि आत बुरशीचे ठिपके.

नव्या_दमाचा
एवढा वाद कशाला? स्कॅन करा, डिजिलॉकरमध्ये टाका, विषय संपला.

बॉण्डरायटर
संपत नाही. खात्यानं डिजिलॉकरमध्ये थेट दिलेला कागद मूळ कागदासारखा चालतो. तुम्ही घरी स्कॅन करून चढवलेला नाही, ती तुमच्या सोयीची प्रत. आणि 1948 चा दाखला कुठलं खातं थेट देणार? तालुका कचेऱ्यांतली जुनी दप्तरं स्कॅन करायचं काम कर्नाटक सरकारच्या भू-सुरक्षा योजनेत चाललंय, ते चांगलंच आहे. पण ते कचेरीतल्या कागदांचं, तुमच्या ट्रंकेतल्या नव्हे. स्कॅन जरूर करा, मूळ कागद मात्र सांभाळा.

जाता जाता: बँकेची पावती, एटीएमची चिठ्ठी असला थर्मल कागद लॅमिनेशनला देऊ नका. उष्णतेनं उमटणारा कागद तो, रोलरमधून बाहेर येतो तो काळाठिक्कर.

मलप्रभाकाठ (खानापूर)
मी काय करतेय ते सांगते. सगळ्याचे दोन्ही बाजूंनी रंगीत स्कॅन. खरेदीखताची सर्टिफाइड कॉपी मागवलीय, ती आणि झेरॉक्स खुशाल लॅमिनेशन करणार. मूळ कागद घड्या उलगडून पॉलिएस्टरच्या तावांत, मग झाकणाला रबर असलेल्या डब्यात, आणि डबा वरच्या मजल्यावर. पीव्हीसीच्या फायली टाळा, त्यांना झेरॉक्सची अक्षरं चिकटून निघतात. टाचण्या आणि स्टेपलसुद्धा काढा, गंज पहिला तिथून सुरू होतो. भाऊजींना हे सगळं 'थेर' वाटतंय.

नदीकाठचा (निपाणी भाग)
तुमच्यात वरचा मजला हाय म्हणून हे जमतंय. आमच्या गावात निम्मी घरं कौलारू, एकमजली. पाणी चढलं की म्हशी सोडायच्या, म्हाताऱ्यांना ट्रॅक्टरवर घालायचं, त्यात डबा कोण शोधतंय? तरी खरेदीखत नाही देत मी दुकानात, बॉण्डरायटरनी बँकेचं सांगितलं ते पटलं. पण रेशन कार्ड करणार. ते कुठली बँक गहाण घेती?