टपालाचं संग्रहालय मराठवाड्यात कशाला?

परभणीकर: काल एकानं लिहिलं, "टपालाचं संग्रहालय दिल्लीत आहे तेवढं बास, मराठवाड्यात आधी नळाला पाणी आणा." राहवेना म्हणून लिहायलोय. दिल्लीत आपली गोष्ट कोण सांगणार? आपला मुलूख निजामाच्या टपालात होता. त्याचं पहिलं तिकीट १८६९ चं. ते संस्थानाबाहेर चालत नसे, पुण्याला पत्र धाडायचं तर इंग्रजांचं तिकीट लागायचं. १९३१ च्या तिकिटांत आठ आण्यावर अजिंठा, रुपयावर दौलताबादचा मिनार. आपल्या किती पोरांनी पाहिलंय?

लातूरकर: ते मीच लिहिलं होतं, आणि माघार घेणार नाही. २०१६ ला आमच्याकडं रेल्वेनं पाणी आलं. घागर घेऊन रांगेत उभं राहिलेल्या बाईला तिकिटं दाखवता?

नांदेडची लेक: दादा, ती बाई म्हणजे माझी आईच. वडील भिवंडीला लूमवर. मनीऑर्डर आली की पोस्टमन ओट्यावर बसून नोटा मोजायचा, आईचा अंगठा घ्यायचा अन् पाच रुपये चहापाण्याचे कापायचा. त्याचा राग अजून आहे. पण कुपनावर वडिलांच्या दोन ओळी असायच्या, "ज्वारी भरून घ्या. बाळीला चप्पल घ्या." आईनं सगळी कुपनं पत्र्याच्या डब्यात जपली. संग्रहालयात ती लावा. राजाची तिकिटं नकोत.

धाराशिवकर: बरोबर. निजामाचं कौतुक आमच्या पैशानं कशाला? रझाकारांनी आमचं घर जाळलंय. आजोबा निजामाविरुद्ध लढणाऱ्यांच्या सरहद्दीवरच्या कॅम्पात होते, घरी खुशाली कळवायला त्या टपालावर भरवसा नव्हता.

परभणीकर: कौतुक कोण करायलंय? माझ्या तोंडी शब्द घालू नका. त्या तिकिटांवर उर्दू, तेलुगूसोबत मराठीही आहे. आपल्या आज्या-पणज्यांनी तीच चिकटवली. ती लपवून १७ सप्टेंबरचा मुक्तिदिन पोरांना कसा कळणार?

धाराशिवकर: रझाकार तुमच्या दारात आले नसतील, म्हणून सुचायलंय हे.

परभणीकर: आमच्या आजीनं दोन लेकरं घेऊन रात्रीतून गाव सोडलंय. मला शिकवू नका.

लातूरकर: भांडू नका. मनीऑर्डरचं पटलं, एवढंच म्हणतो. पाणी आधी, हे कायम.

धाराशिवकर: आजीचं माहीत नव्हतं. ठीक आहे, तिकीट लावा. पण शेजारी आजोबांची चिठ्ठी लागली पाहिजे, नाहीतर मी पायरी चढणार नाही.

परभणीकर: चिठ्ठी आहे अजून?

धाराशिवकर: आहे. सदऱ्याच्या कॉलरात शिवून आणली होती. घडीवर फाटलीय, पण "सुखरूप आहे" एवढं वाचता येतं.