वहीतले ८७५ रुपये आणि भाचीचा फोनवरचा हिशेब

जमाखर्च (धागा)

गेल्या महिन्यात डोंबिवलीचं घर आवरताना आईची १९८८ सालची जमाखर्चाची वही सापडली. जुन्या कॅलेंडरच्या कागदाचं कव्हर, आत निळ्या शाईतलं बारीक अक्षर. मार्चचं पान असं: बाबांचा पगार हातात १,८४०. वाणी ४१०, रेशन ७५, दूध १८०, भाजी-फळं २१०. चाळीचं भाडं ८५. पोस्टातली आरडी (दरमहाची ठेव) १००, भिशी १००. मधे रॉकेल, शाळा, लोकलचा पास, इस्त्री वगैरे. आणि अगदी तळाला: 'सिनेमा व भेळ २६. जास्त झाले.'

वाणी, रेशन, दूध, भाजी मिळून ८७५. जवळजवळ निम्मा पगार पोटात.

त्याच रात्री पुण्याहून आलेल्या भाचीने मला तिच्या फोनवरचा महिन्याचा हिशेब दाखवला. हातात ६२,०००. तिघींच्या फ्लॅटमधला तिचा वाटा १४,०००, एसआयपी (म्युच्युअल फंडात दरमहा) १०,०००, फोनचा हप्ता ३,९००, बाहेरचं खाणं आणि मागवणं ६,४००. घरी शिजवलेल्या अन्नाचा खर्च शोधावाच लागला. यावर आमच्या घरात जे व्हायचं ते झालं. '२८० रुपयांची कॉफी पितात आणि घर परवडत नाही म्हणून रडतात' हे वाक्य किमान तीन तोंडांतून आलं.

माझं म्हणणं: पिढीच्या नावाने बोटं मोडणं आता पुरे. एर्न्स्ट एंगेल या जर्मन संख्याशास्त्रज्ञाने १८५७ साली बेल्जियममधल्या कामगार कुटुंबांचे हिशेब तपासून सांगितलं होतं की उत्पन्न वाढलं की खाण्याचा वाटा घटतो. अमेरिकेत १९०१ मध्ये घरखर्चातले ४२.५ टक्के खाण्यावर जात, २०२३ मध्ये १३ च्या आसपास. आपल्या ग्रामीण भागात १९९९-२००० ला ५९.४ टक्के होते, २०२३-२४ च्या सरकारी घरगुती उपभोग खर्च सर्वेक्षणात ४७. म्हणजे आईची वही आणि भाचीचा फोन एकाच वाटेवरचे दोन मुक्काम आहेत. फोन, कपडे, विमानाचं तिकीट पगाराच्या मानाने स्वस्त झालं. घर, शाळा, दवाखाना महाग झाला. पोरं जे आवाक्यात आहे ते घेतात, एवढंच. तुम्हाला काय वाटतं?

निवृत्त_बँकवाला

पूर्ण असहमत. ३४ वर्षं बँकेच्या काउंटरवर काढली आहेत. पगार झाला की आरडी भरायला रांग लागायची. त्यात शिपाई असायचा, साहेबही असायचा. आज आमच्या सोसायटीतला मुलगा २५ हजार पगारावर ८० हजारांचा फोन चोवीस हप्त्यांत घेतो आणि वर मला सांगतो, 'काका, व्याज शून्य आहे.' हे आवाक्यात असणं नव्हे, आवाक्यात असल्याचा भास आहे.

घरगुती निव्वळ आर्थिक बचत २०२०-२१ मध्ये जीडीपीच्या साडेअकरा टक्के होती, २०२२-२३ मध्ये ती पाचाच्या आसपास आली. कित्येक दशकांतला नीचांक. हा काय एंगेलचा नियम? आम्ही आधी साठवत होतो, मग वस्तू घेत होतो. हे आधी घेतात. सगळा फरक त्यात आला.

तिसरी_घंटा

काका, स्कूटरचं बुकिंग करून वर्षानुवर्षं वाट बघायची, ती बचत नव्हती. टंचाई होती. घ्यायला काही नव्हतंच म्हणून पैसे राहिले!

निवृत्त_बँकवाला

@तिसरी_घंटा: बरं, टंचाई म्हणा. पण राहिले ना?

आकडेमोड

थोडी दुरुस्ती. २०२०-२१ हे कोविडचं वर्ष. दुकानं बंद, लग्नं बंद, प्रवास बंद, त्यामुळे बचत फुगलेली होती. तिथून मोजलं तर घसरण भीषण दिसणारच. दुसरं, ही 'निव्वळ' बचत कर्ज वजा करून काढतात आणि त्या कर्जात गृहकर्जही येतं. ज्याने घर घेतलं तोही या आकड्यात उधळ्या दिसतो. तिसरं, ऑक्टोबर २०२४ मध्ये एसआयपीतून एका महिन्यात येणारी रक्कम पहिल्यांदा २५ हजार कोटींवर गेली. आरडीची रांग फोनमध्ये गेली आहे.

पण धागाकर्त्यांशीही मी सहमत नाही. सरासरी घेऊन 'एकच वाट' म्हणणं सोपं आहे. त्याच २०२३-२४ च्या सर्वेक्षणात ग्रामीण भागातल्या सर्वांत खालच्या ५ टक्के लोकांचा दरडोई मासिक खर्च १,६७७ रुपये आहे आणि शहरातल्या सर्वांत वरच्या ५ टक्क्यांचा २०,३१०. बारापट. शिवाय अतिश्रीमंत माणूस असल्या सर्वेक्षणांच्या हाती फारसा लागतच नाही. अमेरिकेतही २०२५ मध्ये मूडीज या पतमापन संस्थेच्या अर्थतज्ज्ञांनी मांडलं की वरच्या १० टक्के कमावणाऱ्यांचा ग्राहकखर्चातला वाटा जवळपास निम्मा आहे. 'आजचा ग्राहक' म्हणून जो बाजार दिसतो तो या थोड्या लोकांचा खिसा आहे.

एक पथ्य: २०२२-२३ पासून सर्वेक्षणाची पद्धत बदलली, एकाच घरी एकाऐवजी तीनदा जाऊन विचारलं जातं. २०१७-१८ च्या सर्वेक्षणाचे निष्कर्ष तर सरकारने जाहीरच केले नाहीत. त्यामुळे जुन्या-नव्या टक्केवारीची तुलना जरा सैल हाताने करा.

दुकान_उघडं_आहे

तालुक्याच्या गावात माझं किराणा दुकान आहे. तुम्ही सगळे पगारदारांबद्दल बोलताय. माझ्या गल्ल्यावरून जे दिसतं ते सांगतो.

माझ्याकडे शांपूची बाटली तीन महिन्यांत एखादी जाते. पुड्यांची माळ दोन दिवसांत संपते. चहा पावडर दहाच्या पुडीत, बिस्कीट पाचच्या पुड्यात. कंपनीला किंमत वाढवता येत नाही म्हणून ती आतला माल कमी करते, आणि ते सगळ्यात आधी लहान पोरांना कळतं: 'काका, यात एक बिस्कीट कमी निघतं आता.' महागाईचा एवढा नेमका रिपोर्ट मी पेपरात वाचलेला नाही.

लाडकी बहीणचे दीड हजार खात्यावर आले की दोन-तीन दिवस दुकानाचा रंग वेगळा असतो. आधी उधारीच्या वहीतली जुनी नावं खोडली जातात. मग सुट्ट्या तेलाऐवजी पिशवीतलं तेल. पोराला दप्तर. एका बाईने मागच्या खेपेला पहिल्यांदा अंगाचा महागातला साबण घेतला, आणि पिशवीत तळाशी घालायला सांगितला.

आता तरुणांचं. दोघे मित्र, दोघेही तेवीसचे. एकाच्या वडिलांचं सिमेंटचं दुकान, तो माझ्याकडून तीन हजारांचा प्रोटीनचा डबा मागवून घेतो. दुसरा शहरात डिलिव्हरीचं काम करतो, सुट्टीला आला की पाचची सात पाकिटं घेतो, बहिणीच्या पोरांसाठी. एकच पिढी ना? मग एकच खर्च का नाही? हे मला कोणीतरी समजावून सांगा.

हवापालट

वरच्या प्रतिसादातला तळाशी घातलेला साबण डोक्यातून जात नाहीये.

निवृत्त_बँकवाला

@दुकान_उघडं_आहे: तुमचं लिहिणं आवडलं. पण मला हेच म्हणायचंय. फुकट धान्य मिळतं, वरून दीड हजार मिळतात, आणि पैसा जातो कुठे? पुड्यांत आणि पाकिटांत. चुकत असेन तर सांगा.

आकडेमोड

चुकत नाही, पण अर्धंच सांगताय. ग्रामीण खर्चात तृणधान्याचा वाटा २०११-१२ ला १०.७ टक्के होता, २०२३-२४ ला जेमतेम ५. त्यात फुकट रेशनचा हात आहेच. मात्र सरकारी योजनांतून फुकट मिळालेल्या वस्तूंची किंमत धरली तरी ग्रामीण दरडोई खर्च ४,१२२ वरून ४,२४७ वरच जातो, म्हणजे माणशी सव्वाशे रुपये. सव्वाशेत कोणी ऐश करत नाही.

पाकिटांचं म्हणाल तर पेयं, तयार आणि शिजवलेलं अन्न हा गट ग्रामीण भागात ९.८ टक्के आहे, शहरात ११.१. दोन्हीकडे खाण्यातला सगळ्यात मोठा गट तोच, दुधापेक्षाही मोठा. टपरीवरचा चहा-वडापावही त्यातच. आणि गाव-शहरात फरक सव्वा टक्क्याचा! बाहेरचं खाणं हे हिंजवडीच्या पोरांचं व्यसन आहे हा समज इथेच निकालात निघतो. मजूर सकाळी सातला नाक्यावर उभा राहतो तेव्हा तोही बाहेरच खातो.

योकोहामा_लोकल

जपानमध्ये १७ वर्षं आहे. इथे तुमचं भांडण उलटं चालतं. म्हातारे तक्रार करतात की तरुण खर्चच करत नाहीत! गाडी नको, ब्रँड नको, परदेश नको. 'कुरुमा-बानारे' असा शब्दच आहे, गाडीवरून मन उडणं. या पोरांना 'सातोरी' पिढी म्हणतात, सातोरी म्हणजे साक्षात्कार. मोहमाया सुटलेली पिढी. साक्षात्कार वगैरे काही नाही, १९९० नंतर जमीन आणि शेअरचा फुगा (बबल) फुटला, पगार वर्षानुवर्षं हलले नाहीत, तेव्हा ही मुलं मोठी झाली. पैसा आजी-आजोबांकडे आहे. दहातले जवळजवळ तीन लोक पासष्टीच्या पुढचे. माझ्या घराखालच्या दुकानात एका माणसापुरती सॅलडची डबी आणि दोन स्लाइसचा ब्रेड मिळतो. ओजी होल्डिंग्ज या मोठ्या कागद कंपनीने २०२४ मध्ये जपानी बाजारासाठी बाळांचे डायपर बनवणं थांबवलं आणि मोठ्यांच्या डायपरवर लक्ष दिलं. लोकसंख्येवरचा यापेक्षा बोलका निबंध मी वाचलेला नाही.

चीनमध्ये आणखी गंमत. २०२३ च्या सुमारास तिथली तरुण पोरं सोन्याचे एकेक ग्रॅमचे 'दाणे' घेऊन काचेच्या बरणीत साठवायला लागली. नोकरीची खात्री नाही, घरांच्या किमती पडतायत, मग सोनं. आपल्या आज्या हेच करत होत्या, फक्त फोटो काढून टाकत नव्हत्या.

म्हणून 'पिढी हा मुद्दाच नाही' हे मला पटत नाही. विशीत असताना आजूबाजूला काय चाललं होतं ते माणसाच्या हातात आयुष्यभर राहतं. माझे सासरे इथल्या बबलच्या काळातले. अजून टॅक्सीला हात करताना मागेपुढे बघत नाहीत. त्यांचा मुलगा तीन स्टेशनं चालतो.

तिसरी_घंटा

म्हणजे काका, उधळी पिढी हवी असेल तर तुमचीच, फक्त टोकियोतली.

निवृत्त_बँकवाला

😄 मान्य. डोंबिवलीत असतो तर काय, टोकियोत असतो तर काय. पण हप्त्यावर फोन घेतला नसता.

फेज_थ्री

मीच ती भाची. मामाने माझा हिशेब न विचारता इथे टाकलाय, तर आता पूर्ण टाकते. त्याने ८,००० ची ओळ गाळली. ते दर महिन्याला घरी जातात, आजीची औषधं आणि मावशींचा पगार. कॉफी महिन्यातून दोनदा, तीही ऑफिसनंतर घरी जायला रिक्षा मिळत नाही तेव्हा. फोन मात्र हौसेने घेतलाय, त्यावर सफाई देणार नाही.

काका, तुमच्या आरडीबद्दल. आजोबा मंत्रालयात होते. महिना १०० ची आरडी त्यांना पुरली कारण पुढे पेन्शन येणार होती, आणि ती आली. राज्य सरकारात १ नोव्हेंबर २००५ पासून लागलेल्यांनाच ती जुनी पेन्शन नाही, तर मी खाजगीत, माझं काय घेऊन बसलात! माझ्या १०,००० च्या एसआयपीत माझं म्हातारपण आहे, त्यात घर बसत नाही. घराचं डाउन पेमेंट कधी जमेल याचं गणित मी केलंय. ते उत्तर बघूनच कुर्गची ट्रिप बुक केली. याला तुम्ही उधळपट्टी म्हणा, पण कॉफी सोडून ते गणित सुटत नाही.

आणि मामा, तूही म्हणतोस की आम्ही 'आवाक्यातलं' घेतो. इतकं साधं नाहीये. सोबतच्या दोघी जातात म्हणूनही मी जाते. कधी कधी नको असताना मागवते. आजी तसं करू शकत नव्हती कारण तिच्या हातात पैसे मोजून यायचे.

वही मीही चाळली होती त्या रात्री, तू झोपल्यावर. आजोबांची पान-सुपारी आहे, दाढीचं ब्लेड आहे, तुझा क्रिकेटचा बॉल आहे, आईची रिबन आहे. आजीचं काय आहे ते शोध जरा.

दुकान_उघडं_आहे

पिशवीच्या तळाशी.

जमाखर्च

रात्री बसून बाराही महिने पाहिले. दोन नोंदी सापडल्या. ऑगस्टमध्ये 'बांगड्या ६'. आणि नोव्हेंबरात 'मला चप्पल २८'. त्यातलं 'मला चप्पल' खोडून वर लिहिलंय 'किरकोळ'.