एनडीएचं वय संपलं, एसएसबीत कॉन्फरन्स आउट. ऑफिसर व्हायला आता कोणती वाट?

मानेवाड्याची ताई
लहान भावाला एकोणीस वर्षं दहा महिने झालेत, म्हणजे एनडीएचा, बारावीनंतरच्या सैनिकी अकॅडमीचा, विषय संपला. लेखी निघाली होती. भोपाळला एसएसबीत (ऑफिसर निवडणारं मंडळ) आधी कॉन्फरन्स आउट, म्हणजे शेवटच्या बैठकीत नाकारला, नंतरच्या वेळी पहिल्याच दिवशीच्या चाळणीत स्क्रीन आउट. बारावी सायन्स, आता नागपूर विद्यापीठात बीएस्सीचं दुसरं वर्ष. एनसीसी घेतलेली नाही. ईएनटीवाल्यांनी नाकाचं हाड वाकडं आहे असंही सांगितलंय. घरचे म्हणतात, अग्निवीरचा फॉर्म भर. आपल्या कामठीला ओटीए आहे, तिथून थेट काही होतं का?

काटोल रोड
ताई, कामठीची ऑफिसर्स ट्रेनिंग अकॅडमी एनसीसीची आहे. शाळा-कॉलेजात एनसीसी सांभाळणारे शिक्षक-प्राध्यापक तिथे प्रशिक्षण घेतात. सैन्यातले ऑफिसर घडवणारी ओटीए चेन्नईला.

भावाची सरळ वाट म्हणजे सीडीएस, पदवीधरांसाठीची सैन्याची ऑफिसर परीक्षा. यूपीएससी ती साधारण एप्रिलमध्ये आणि सप्टेंबरमध्ये घेते. कोर्स सुरू होताना वय आयएमएसाठी (डेहराडूनची सैन्य अकॅडमी) २४, ओटीएसाठी २५ च्या आत हवं. किती वेळा बसायचं याला बंधन नाही. शेवटच्या वर्षाला असताना फॉर्म भरता येतो, म्हणजे तिसऱ्या वर्षातला सप्टेंबर हा त्याचा पहिला पेपर, आणि तिथून वय संपेपर्यंत निदान पाच-सहा संधी हातात आहेत. इंग्रजी, जीके आणि गणित प्रत्येकी १००. ओटीएला गणित धरत नाहीत. चुकीच्या उत्तराला त्या प्रश्नाचे एक तृतीयांश गुण कापले जातात. पसंतीक्रमात आयएमएच्या जोडीला ओटीए टाकायलाच हवं. ते राहिलं तर गणितात थोडक्यात हुकलेला मुलगा पूर्ण बाहेर पडतो. नौदल अकॅडमीला इंजिनिअरिंगची डिग्री लागते, ते सोडून द्या.

पोरं अडकतात ती डिग्रीच्या तारखेवर. सप्टेंबरच्या परीक्षेतून आयएमएचा कोर्स पुढच्या जुलैत सुरू होतो, तेव्हा डिग्री पास झाल्याचा पुरावा १ जुलैच्या सुमारास द्यावा लागतो. ओटीएला साधारण १ ऑक्टोबरपर्यंत सवड असते. विद्यापीठाचा निकाल लांबला किंवा एखादा विषय राहिला, तर एसएसबी, मेडिकल सगळं निघूनही सीट जाते. म्हणून एकही बॅकलॉग नको, आणि निकाल लागला की त्याच आठवड्यात प्रोव्हिजनल सर्टिफिकेटचा अर्ज.

सोबत एअरफोर्सची एएफकॅट ही ऑफिसर भरतीची परीक्षा द्यावी. फ्लाइंगला २४, ग्राउंड ड्युटीला २६ पर्यंत वय चालतं, पण डिग्रीला ६० टक्के हवेत. फ्लाइंगची सीपीएसएस ही मशीनवरची चाचणी आयुष्यात एकदाच देता येते, म्हणून तिथे तयारीशिवाय पाठवू नका. एनसीसी स्पेशल एंट्रीत लेखी नसते, पण सी सर्टिफिकेट किमान बी ग्रेडचं लागतं. पहिल्या वर्षाला नाव नोंदवलं नसेल तर ते तीन वर्षांच्या डिग्रीत बसत नाही.

छावणी सदर
वर सगळं बरोबर आहे. मात्र परीक्षा कोणतीही दिली तरी एसएसबी तीच राहते, त्यामुळे खरी दुरुस्ती तिथे करायची आहे.

स्क्रीन आउट आणि कॉन्फरन्स आउट हे दोन वेगळे आजार आहेत. स्क्रीनिंगमध्ये बुद्धिमत्तेचे प्रश्न आणि पीपीडीटी. तीस सेकंद एक धूसर चित्र, मग चार मिनिटांत गोष्ट लिहायची, एका मिनिटात सांगायची, त्यानंतर गटात चर्चा. चर्चेचा मासळीबाजार होतो. अशा वेळी ओरडून उपयोग नाही. पात्राचं वय-मूड यावर वाद न घालता त्याने पुढे काय केलं यावर एक ठोस मुद्दा सुरुवातीलाच मांडायचा आणि दुसऱ्याचा चांगला मुद्दा उचलून धरायचा.

कॉन्फरन्सला गेला होता म्हणजे पोरात दम आहे. तिथे मानसशास्त्रज्ञ, जीटीओ (गटातली कामं करून घेणारा अधिकारी) आणि मुलाखत घेणारा यांच्या निष्कर्षांचा मेळ बसावा लागतो. डब्ल्यूएटीला ६० शब्द, प्रत्येकावर १५ सेकंदांत वाक्य लिहायचं. एसआरटीला ६० प्रसंग, त्यात काय कराल ते ३० मिनिटांत लिहायचं. क्लासमध्ये पाठ केलेलं उत्तर इथे लगेच उघडं पडतं. पेपरला जाताना अपघात दिसला तर ‘जखमीला दवाखान्यात नेलं, रक्त दिलं, वेळेत पेपर दिला’ असं सगळेच लिहितात. हे एका तासात कसं होईल? ‘१०८ ला फोन केला, रक्त थांबवायला रुमाल बांधला, दुकानदाराला थांबवून पेपरला गेला’ हे जमण्यासारखं आहे आणि त्यात माणूस दिसतो. मोठी वाक्यं नकोत.

पीआयक्यू, म्हणजे स्वतःच्या माहितीचा फॉर्म, खरा भरायचा. मुलाखतीचे निम्मे प्रश्न त्यातूनच येतात. दोन वर्षांत खेळलेला खेळ, घेतलेली जबाबदारी त्यात दिसली पाहिजे. नुसती पुस्तकं वाचून ते रकाने भरत नाहीत.

सीडीएसची लेखी निघाली की नाशिक रोडच्या छात्रपूर्व प्रशिक्षण केंद्राचा कोर्स करा. राज्य सरकारचा आहे, राहणं-जेवण-शिकवणं मोफत. नागपूरच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात मुलाखतीला हजर राहून तिथूनच पत्र घ्यावं लागतं.

मानेवाड्याची ताई
खूप आभार. नाकाचं ऑपरेशन आत्ताच करायचं का? आणि अग्निवीर?

छावणी सदर
हाड वाकडं असणं म्हणजे लगेच बाद नाही. श्वास किती अडतो ते पाहतात. त्याला त्रास असेल आणि डॉक्टर सांगत असतील, तर आत्ता, सुट्टीत करून घ्या. रेकमेंड झाल्यावर मेडिकलमध्ये ‘टेम्पररी अनफिट’ आलं तर अपील बोर्ड ४२ दिवसांच्या आत. तेव्हा ऑपरेशन करायला धावलं तर जखम भरायलाच वेळ पुरत नाही. कानातला मळ, किडलेले दात आणि उंचीच्या मानाने वजन आत्ताच तपासा. दातांचे किमान १४ पॉइंट लागतात. मळ काढायचा तर बोर्डाच्या बऱ्याच आधी, डॉक्टरकडूनच. आदल्या दिवशी काडी घालून कान सुजतो.

काटोल रोड
अग्निवीर ही जवानाची भरती, चार वर्षांची, त्यातले २५ टक्क्यांपर्यंतच कायम होतात. तो बाहेर येईल तेव्हा २४ चा असेल, म्हणजे आयएमएचं वय गेलेलं. त्यातही डिग्री अर्धवट. घरच्यांना हेच गणित कागदावर मांडून दाखवा.

टेरिटोरियल आर्मीबद्दलही लोक सांगतील, सीताबर्डी किल्ल्यात तिची बटालियन आहे. पण ती स्वतःची कमाई असलेल्या पदवीधरासाठी आहे, वय ४२ पर्यंत चालतं. आज तिचा विचार नको. २५ पर्यंत यूपीएससीची सीएपीएफ असिस्टंट कमांडंट (सीआरपीएफ, बीएसएफसारख्या दलांतल्या ऑफिसरची परीक्षा) मात्र जोडीला ठेवा. ती गृह मंत्रालयाची दलं आहेत, पण अभ्यास बराच सामाईक आहे.