चार वर्षांच्या मुलांना ‘आत्ताच उमगले’ हे कळते का?

प्रश्न (एक आई, इंदिरानगर, नाशिक):
परवा रामकुंडावरून परतताना माझ्या सव्वाचार वर्षांच्या मुलीला एकाएकी उलगडले की, घरातले आजोबा म्हणजे तिच्या बाबांचे बाबा, आणि ती रिक्षातच आनंदाने ओरडली. रात्री सासूबाईंनी विचारले तेव्हा मात्र, ‘मला ते आधीपासूनच माहीत होतं,’ असे तिने ठामपणे सांगितले. याला खोटे बोलणे म्हणावे का?

उत्तर १ (मानसशास्त्राच्या प्राध्यापिका, गंगापूर रोड):
मुळीच नाही. मार्जोरी टेलर आणि सहकाऱ्यांनी 1994 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत मुलांना नवी माहिती शिकवून, ती केव्हापासून ठाऊक आहे असे विचारले, तेव्हा चार वर्षांच्या मुलांचा कल ‘फार पूर्वीपासून’ असे सांगण्याकडे होता. त्याआधी, 1988 मध्ये, गॉपनिक आणि अ‍ॅस्टिंग्टन यांनी चॉकलेटच्या गोळ्यांच्या डबीत पेन्सिली ठेवून मुलांना ती उघडून दाखवली; डबी उघडण्यापूर्वी तुला आत काय आहे असे वाटले होते, या प्रश्नावर तीन वर्षांची अनेक मुले ‘पेन्सिली’ असेच म्हणाली. आपले मत बदलले हे जाणण्यासाठी जुने, चुकलेले मत स्वतःचेच होते असे मनात धरून ठेवावे लागते, आणि ते या वयात अवघड असते.

उत्तर २ (निवृत्त शिक्षक, पंचवटी):
प्राध्यापिकाबाईंचे म्हणणे मान्य, पण उकल सुचणे आणि ती नुकतीच सुचली हे ओळखणे या दोन वेगळ्या क्षमता आहेत. जर्मन आणि डिफेटर यांच्या 2000 मधील प्रयोगात उंचावरची वस्तू काढण्यासाठी खोके पायाखाली घ्यायचे होते. त्या खोक्यात आधी सामान ठेवलेले दाखवले, तर ‘हे वस्तू ठेवायचे’ असे मनात बसून सहा-सात वर्षांची मुले अडखळली, पाच वर्षांची मात्र नाही. म्हणजे धाकट्यांना काही बाबतींत उकल लवकर सुचते, मग तिचा हिशेब त्यांना देता येवो वा न येवो. (आपण मोठी माणसे तरी तो कितपत देतो, हा प्रश्नच आहे.) शिवाय ‘काल’, ‘आधी’ हे शब्दही या वयात पक्के नसतात, म्हणून सासूबाईंच्या ‘कधी’ला मिळालेल्या उत्तरावर फार भिस्त ठेवू नये.

प्रश्नकर्तीचे उत्तर:
आभारी आहे. मग रिक्षातली ती आरोळी कशाची होती?

उत्तर १:
आनंद खराच होता. तो होण्यासाठी, आपल्याला हे क्षणापूर्वी ठाऊक नव्हते, असे स्वतःशी म्हणावे लागत नाही. पुढच्या वेळी ‘कधी कळले’ऐवजी ‘कसे कळले’ असे विचारून पाहा.