रीस्लिंग निवडताना प्रदेश, गोडवा आणि आम्लता यांचा विचार कसा करावा?

माईनकाठची

नमस्कार. आम्ही फ्रँकफर्टला राहतो. येथल्या दुकानांत पांढऱ्या वाईनचा सर्वांत मोठा कप्पा बहुधा रीस्लिंगचाच असतो, त्यामुळे या द्राक्षाची ओळख आपोआप झाली. पण ओळख वाढली तसा गोंधळही वाढला आहे. अलीकडे तीन बाटल्या उघडल्या. पहिली जर्मनीतल्या मोझेल नदीच्या खोऱ्यातली ‘काबिनेट’, अल्कोहोल 8 टक्के, चवीला उघडपणे गोड आणि तरीही घोट गिळल्यावर तोंड स्वच्छ ठेवणारी. दुसरी जर्मनीच्याच फाल्झ प्रदेशाची, लेबलवर ‘ट्रोकन’, अल्कोहोल 13 टक्के, गोडव्याचा मागमूस नाही. तिसरी ऑस्ट्रेलियाच्या क्लेअर व्हॅलीतली, 2012 सालची, एका स्नेह्यांनी आणून दिलेली. पेला नाकाजवळ नेताच रॉकेलचा वास आला. यजमानांचे मत पडले की बाटली खराब झाली आहे. मला मात्र त्या वासामागे लिंबाची साल आणि भाजलेला पाव जाणवत राहिला.

एकाच द्राक्षाच्या वाईनमध्ये इतका फरक कशामुळे पडतो, आणि बाटली न उघडता तो कसा ओळखावा? रॉकेलचा वास हा दोष समजावा काय? शिवाय दिवाळीला आमच्याकडे मराठी मंडळी जेवायला येणार आहेत. अळूवडी, तळलेली मासळी, कोळंबीचा रस्सा आणि शेवटी पुरणपोळी असा बेत आहे. त्यासाठी कोणत्या प्रदेशाच्या बाटल्या घ्याव्यात, हेही जाणकारांनी सांगावे.

मोझेलवासी

तुमच्या पहिल्या दोन बाटल्यांतला फरक उलगडला की बरेचसे कोडे सुटते, म्हणून तेथूनच सुरुवात करतो. द्राक्षरस आंबताना त्यातल्या साखरेचे अल्कोहोल होते. ही क्रिया शेवटपर्यंत जाऊ दिली तर साखर जवळपास संपते, वाईन कोरडी होते आणि अल्कोहोल वाढते. रस थंड करून ती मध्येच थांबवली तर साखर उरते आणि अल्कोहोल कमी राहते. म्हणून जर्मन रीस्लिंग घेताना मी सर्वांत आधी अल्कोहोलचा आकडा पाहतो. तो 7.5 ते 9 टक्के असेल तर वाईन गोड असणार, 12 किंवा त्याहून अधिक असेल तर बहुतेक वेळा कोरडी, आणि मधल्या आकड्यांत थोडा गोडवा राहिलेला असण्याची शक्यता मोठी.

‘काबिनेट’, ‘श्पेटलेझ’, ‘आउसलेझ’ हे शब्द मात्र गोडव्याचे माप नव्हेत, आणि येथेच बहुतेकांची गल्लत होते. 1971 च्या जर्मन वाईन कायद्यानुसार या पायऱ्या ठरतात त्या तोडणीच्या वेळी द्राक्षरसात किती साखर होती त्यावरून. बाटलीत किती उरली याच्याशी त्यांचा थेट संबंध नाही. त्यामुळे ‘श्पेटलेझ ट्रोकन’ अशी पूर्ण कोरडी बाटलीही मिळते. ‘ट्रोकन’ म्हणजे लिटरमागे जास्तीत जास्त 9 ग्रॅम साखर, ‘हाल्पट्रोकन’ म्हणजे साधारण 18 ग्रॅमपर्यंत. ‘फाइनहर्ब’ या शब्दाला कायद्याने आकडा बांधून दिलेला नाही, तो उत्पादकाच्या मर्जीवर असतो. बाटलीवर ‘जी. जी.’ ही दोन अक्षरे आणि झाकणावर गरुडाचे चिन्ह दिसले तर ती उत्पादकांच्या ‘व्ही. डी. पी.’ संघटनेने सर्वोच्च ठरवलेल्या मळ्याची कोरडी वाईन असते, आणि तिची किंमतही त्याच तोलाची असते.

आता आम्लतेविषयी. केवळ साखर मोजून रीस्लिंग कधीच कळणार नाही. कैरीच्या पन्ह्यात गूळ भरपूर असूनही ते मिट्ट गोड लागत नाही, कारण कैरीचा आंबटपणा त्याला सांभाळतो. मोझेलच्या काबिनेटमध्ये लिटरमागे 40 ग्रॅम किंवा त्याहून अधिक साखर असूनही तोंड स्वच्छ राहते, ते याच कारणाने. गोड वाईन म्हणजे नवशिक्यांची वाईन असा समज आपल्याकडेच नव्हे तर येथेही पसरलेला आहे, आणि तो मला मनापासून खटकतो. उत्तम काबिनेट करणे हे अतिशय कठीण काम आहे. द्राक्ष पिकलेले हवे, पण साखर फार चढलेली नको आणि आम्लता उतरलेली नको. उन्हाळे तापू लागल्यापासून ही वेळ साधणे दरवर्षी अवघड होत चालले आहे.

मोझेलला ही आम्लता मिळते ती थंड हवेमुळे, आणि तरीही द्राक्ष पिकते ते उतार आणि दगड यांच्यामुळे. येथे जमिनीत पाटीचा दगड आहे, काही ठिकाणी निळसर, काही ठिकाणी तांबूस. तो दिवसा तापतो, रात्री ऊब सोडतो आणि पाणी साचू देत नाही. ब्रेम गावाजवळचा काल्मोंट हा मळा युरोपातल्या सर्वांत खड्या मळ्यांपैकी एक आहे. तेथे पाय ठेवला की दगडाच्या पातळ चिपा सरकतात. जुन्या पद्धतीच्या मळ्यांत प्रत्येक वेल स्वतंत्र खांबावर चढवलेला असतो आणि त्याच्या दोन काड्या वाकवून हृदयाच्या आकारात बांधलेल्या असतात, म्हणजे उतारावर माणसाला वेलांच्या मधून आडवेही जाता येते. यंत्र तेथे चालत नाही, सर्व काम हातांनी होते. या वाईनला ‘दगडाची चव’ आहे असे लोक म्हणतात. दगडातले क्षार थेट पेल्यात उतरतात याला शास्त्रीय आधार नाही; पण ऊब, निचरा आणि संथ पिकणे यांतून घडणारी ती चव खरी आहे, एवढे मी खात्रीने म्हणेन. मोझेलच्याच उपनदीवरचे झार खोरे आणखी थंड असल्यामुळे तेथली वाईन अधिक टोकदार लागते.

तुम्ही फ्रँकफर्टला आहात, तर ऱ्हाईनगाऊ अगदी जवळ आहे. रुडेसहाईमला थेट रेल्वे जाते. मैन्झजवळ ऱ्हाईन नदी पश्चिमेकडे वळते, त्यामुळे उजव्या काठावरच्या उतारांना दक्षिणेचे ऊन मिळते आणि टाउनुसचे डोंगर उत्तरेचा वारा अडवतात. तेथली वाईन मोझेलपेक्षा भरीव असते. योहानिसबेर्गच्या वाड्याने 1720 मध्ये मोठ्या प्रमाणावर रीस्लिंग लावली. 1775 मध्ये तोडणीची परवानगी घेऊन येणारा फुल्डाचा घोडेस्वार उशिरा पोहोचला, तोवर घडांवर बुरशी चढली, तरी वाईन उत्तम झाली आणि त्यातूनच उशिराच्या तोडणीची थोरवी कळली, अशी आख्यायिका तेथे सांगतात. वाड्याच्या आवारात त्या स्वाराचा पुतळाही आहे. फाल्झ त्याहून उबदार आणि कोरड्या हवेचा, म्हणून तुमच्या दुसऱ्या बाटलीत 13 टक्के अल्कोहोल सहज आले.

ॲडलेडकर

रॉकेलच्या वासाचा खुलासा मी करतो, कारण क्लेअर व्हॅली आमच्यापासून गाडीने दोन तासांच्या आत आहे आणि हा प्रश्न येथेही वारंवार निघतो. तुमची बाटली खराब झालेली नव्हती. या वासाचे कारण ‘टी. डी. एन.’ नावाने ओळखले जाणारे संयुग आहे. द्राक्षाच्या सालीतली कॅरोटिनॉइड रंगद्रव्ये विघटित होऊन त्याचे पूर्वद्रव्य तयार होते आणि बाटलीत वाईन मुरत असताना ते हळूहळू मोकळे होते. घडांवर ऊन जितके थेट आणि हवा जितकी उष्ण, तितके हे पूर्वद्रव्य अधिक. म्हणूनच ऑस्ट्रेलियाच्या वाईनमध्ये हा वास लवकर आणि ठळकपणे येतो. 2012 च्या बाटलीत तो लिंबाची साल, मध आणि भाजलेला पाव यांच्या सोबतीने आला असेल तर वाईन नीट मुरली असे समजावे. एक-दोन वर्षांच्या कोवळ्या बाटलीत मात्र रॉकेलशिवाय दुसरे काहीच हाती लागत नसेल, तर मी तो दोष मानतो; तेथे फळ उन्हाने भाजून निघालेले असते.

बुचाचाही यात वाटा आहे. नैसर्गिक बूच या संयुगाचा बराच भाग शोषून घेते, स्क्रू कॅप तसे करत नाही. क्लेअरच्या काही उत्पादकांनी बुचामुळे बाटल्या बिघडतात याला कंटाळून 2000 च्या हंगामाची रीस्लिंग एकत्रितपणे स्क्रू कॅपखाली भरली, आणि पुढे हीच येथली रीत झाली. त्यामुळे स्क्रू कॅप दिसली म्हणून बाटलीला हलकी समजू नये.

निवडीपुरते सांगायचे तर क्लेअर आणि ईडन व्हॅली या दोन्ही ठिकाणची रीस्लिंग बहुतांशी पूर्ण कोरडी असते, अल्कोहोल 12 टक्क्यांच्या आगेमागे. कोवळेपणी ताज्या लिंबाचा करकरीत आंबटपणा, मग काही वर्षे ती जरा गप्प होते, आणि पुढे मध व भाजक्या पावाकडे वळते. ईडन व्हॅलीची मला अधिक नाजूक, फुलांच्या गंधाची वाटते. क्लेअरमध्ये सेव्हनहिल येथे ऑस्ट्रियन जेझुइट धर्मगुरूंनी 1851 मध्ये वस्ती करून द्राक्षे लावली. तो मळा आजही चालू आहे.

मांडवाखाली

मी नाशिक जिल्ह्यात द्राक्षे पिकवतो, त्यामुळे शेतकऱ्याच्या बाजूने थोडे लिहितो. वरच्या दोन्ही प्रतिसादांत आम्लता हा शब्द वारंवार आला आहे, पण ती कोठे जाते हे कोणी सांगितले नाही. द्राक्षात प्रामुख्याने टार्टारिक आणि मॅलिक ही दोन आम्ले असतात. मणी पिकताना वेल मॅलिक आम्ल श्वसनात खर्च करतो आणि रात्र जितकी उबदार तितका हा खर्च वेगाने होतो. आमच्याकडे एप्रिलची खरड छाटणी, मग पावसाळ्याअखेरची फळछाटणी आणि जानेवारी ते मार्चमध्ये वाईनच्या द्राक्षांची तोडणी असा हंगाम असतो. थंडी सुटून ऊन तापू लागले की साखर झपाट्याने चढते आणि आम्ल त्याहून झपाट्याने उतरते. रीस्लिंग हे सावकाश पिकणारे वाण आहे. थंड शरद ऋतूत ते वेलीवर आठवडेच्या आठवडे थांबते, तेव्हाच त्याचा गंध भरतो. मोझेलचा संथ ऑक्टोबर किंवा क्लेअरच्या उंचीवरच्या गार रात्री त्याला का लागतात, हे यावरून लक्षात येईल. प्रदेश निवडताना नकाशावरचा देश पाहण्यापेक्षा तोडणीच्या महिन्यातल्या रात्री कशा असतात ते विचारावे, असे मला वाटते.

स्ट्रासबुर्गकर

फ्रान्सच्या आल्सास प्रदेशाचा उल्लेख अजून आलेला नाही, तो मी करते. वोज डोंगररांग पश्चिमेचा पाऊस अडवते, म्हणून कोलमार आणि परिसर फ्रान्समधल्या सर्वांत कोरड्या भागांत मोडतो. शरद ऋतू लांब आणि उन्हाचा असतो, आणि येथली रीस्लिंग बहुतेक वेळा कोरडी, भरदार, 12.5 ते 13.5 टक्क्यांची होते. पूर्वी लेबलवरून गोडवा कळत नसे आणि ग्राहकांची निराशा होई. 2021 च्या हंगामापासून ‘सेक’ ते ‘दू’ अशी कोरडी ते गोड नोंद लेबलवर असते. ‘सेक’ म्हणजे कोरडी, एवढे लक्षात ठेवले तरी पुरते. ‘ग्राँ क्रू’, म्हणजे सर्वोच्च दर्जाचे, म्हणून मान्य झालेले मळे 51 आहेत आणि त्यांच्या जमिनी फार निरनिराळ्या आहेत. श्लोसबेर्ग ग्रॅनाईटचा, तेथली वाईन लवकर मोकळी होते. तान गावचा रांगेन ज्वालामुखीच्या खडकाचा, तेथे काहीसा धुरकट गंध येतो. रोझाकेर चुनखडीचा, तेथली वाईन सुरुवातीला आखडलेली असते आणि तिला दहा वर्षे तरी द्यावी लागतात.

ऑस्ट्रियाच्या वाखाऊत डॅन्यूबकाठच्या दगडी पायऱ्यांवर रीस्लिंग असते. तेथील लेबल वाचायला सर्वांत सोपे: ‘श्टाइनफेडर’ 11.5 टक्क्यांपर्यंत, ‘फेडरश्पील’ 11.5 ते 12.5, आणि ‘स्माराग्ड’ 12.5 किंवा त्याहून अधिक. तिन्ही कोरड्या. जर्दाळू आणि पीच यांचा गंध हवा असेल तर मी स्माराग्डकडे वळते.

आता दिवाळीच्या बेताविषयी. अल्कोहोल तिखटाची आग वाढवते आणि साखर ती शमवते, हे एक सूत्र धरले की निवड पुष्कळ सोपी होते. अळूवडीत चिंच, गूळ आणि तिखट एकत्र असते, तेथे मोझेलची काबिनेट जितकी शोभते तितकी दुसरी कोणतीही वाईन शोभत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. तळलेल्या मासळीला क्लेअर किंवा आल्सासची कोरडी रीस्लिंग द्यावी, तिच्या आम्लतेने तेलकटपणा कापला जातो. कोळंबीचा रस्सा नारळाचा आणि बेताचा तिखट असेल तर ऱ्हाईनगाऊची ‘फाइनहर्ब’, आणि झणझणीत असेल तर मोझेलची गोड श्पेटलेझ. पुरणपोळीसोबत वाईन देण्याचा मोह टाळावा. पदार्थापेक्षा वाईन कमी गोड असली की ती आंबट आणि पातळ लागते, आणि पुरणापुढे टिकेल अशी अतिगोड ‘बेरेनआउसलेझ’ फार महाग पडते.

माईनकाठची

सर्वांचे मनापासून आभार. यजमानांना ॲडलेडकरांचा प्रतिसाद वाचून दाखवला आणि उरलेली अर्धी बाटली आम्ही दोघांनी पुन्हा चाखली. या वेळी मधाचा गंध त्यांनाही जाणवला. एक शेवटची शंका: या बाटल्या किती थंड कराव्यात, आणि कोणत्या क्रमाने वाढाव्यात?

स्ट्रासबुर्गकर

काबिनेट 8 अंशांच्या आसपास, आणि भरीव कोरड्या बाटल्या 10 ते 12 अंशांवर. फ्रीजमधून काढल्या काढल्या ओतल्यास गंध झाकला जातो आणि केवळ आंबटपणा पुढे येतो, म्हणून कोरड्या बाटल्या वाढण्यापूर्वी पंधरा-वीस मिनिटे बाहेर ठेवाव्यात. पेला अर्ध्याहून कमी भरावा. कोरडीकडून गोडीकडे जाण्याचा क्रम पुस्तकी आहे, पण तुमच्याकडे अळूवडी आधी येणार असेल तर काबिनेट आधी द्यावी. 8 टक्क्यांची वाईन रिकाम्या पोटीही हलकी पडते. त्यानंतर कोरडी बाटली देताना मध्ये पाणी आणि मासळीचा एक घास घ्यावा, अन्यथा तिचा पहिला घोट उगाच कडक लागतो.